खाल्लेलं अंगी न लागणारे उंदीर

भाच्यांनी तिचं नाव उंदीरआत्या पाडलं, त्याला बरीच वर्षं झाली होती. प्रयोगशाळेतले लोकही मागून तेच म्हणत. तिला त्याचा राग येत नसे. राग यायला दुसरी कारणं भरपूर होती.

तिचे उंदीर साधे नव्हते. चरबी जाळून अंगात ऊब आणणारं एक जनुक त्यांच्यात जन्माआधीच बंद केलेलं होतं. जाळणारंच बंद, म्हणजे चरबी साठणार, असा सरळ हिशेब. जुन्या इमारतीत तो जुळलाही. साध्या उंदरांइतकंच खाऊन तिचे उंदीर गोलमटोल झाले, रक्तातली साखर वाढली, यकृतावर चरबी चढली. विभागप्रमुख सरांनी तिची पाठ थोपटली, शोधनिबंध छापून आला.

मग प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलली आणि कुठे माशी शिंकली कोण जाणे! तीच जात, तेच खाद्य, तीच बाई. पण नवी पिलावळ काही केल्या फुगेना. उलट पूर्वीपेक्षा जास्त खायची आणि सडपातळच राहायची.

"जास्त खातात आणि तरी बारीक?" सर म्हणाले. "तुमच्या पिंजऱ्यांची अदलाबदल झाली असेल."

तिने जनुक पुन्हा तपासलं. बंदच होतं. काटा बदलला, खाद्याची नवी पोती मागवली, उंदरांचं वजन स्वतःच्या हाताने केलं. आकडे काही हलेनात.

"मग आधीचंच चुकलं असणार," सर म्हणाले. "निबंध मागे घ्यायचा विचार करा."

त्या रविवारी ती दादाकडे जेवायला गेली, ती धुमसतच. दादा छापखान्यात कामाला, लहानपणापासून अंगाने भरलेला. वहिनी त्याच्या ताटात बेतानेच वाढत होती.

"डॉक्टर म्हणतात, हे चोरून खातात," वहिनी म्हणाली.

"तुझे उंदीर नशीबवान," दादा हसला. "चांगलं हादडतात आणि अंगी लागत नाही. मलाही घे की त्यांच्यात."

"थट्टा नको, दादा. मला तिथे खोटारडी ठरवलंय."

"मला रोज ठरवतात," दादा म्हणाला आणि खाली मान घालून जेवू लागला.

दुसऱ्या दिवशी उंदरांच्या खोलीत शिरताना तिने सवयीने कोटाखाली स्वेटर चढवला. आत पाहते तर सगळे उंदीर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात कागदाच्या चिंध्या ओढून एकमेकांवर रचलेले. स्वेटरचं बटण लावता लावता तिचा हात थांबला. जुनी खोली बॉयलरला लागून होती. ही खोली गार होती. इथे हे बिचारे कुडकुडून कुडकुडून सगळं खाल्लेलं जाळत होते! चरबी साठायला उरणार काय?

ती तडक एसीच्या मिस्त्रीकडे गेली. "या एका खोलीचा गारवा कमी होईल का?"

"अख्ख्या मजल्याची हवा एकाच वाटेने येते, बाई. तुमची खोली तापवली तर शेजारचे माझ्या नावाने शंख करतील. इमारतीच्या समितीकडे अर्ज करा. पण समिती एकदा बसली की लवकर उठत नाही, सांगून ठेवतो."

समिती उठली आणि नाही म्हणाली. खोलीचं तापमान तिथे वावरणाऱ्या माणसांच्या सोयीने ठरतं, असा नियम होता. शेवटी सरांच्या हातापाया पडून तिने पक्ष्यांच्या अंड्यांवर काम करणाऱ्या विभागाकडून एक जुनं उबदार कपाट उसनं आणलं, त्यात हवा खेळती केली आणि थोडे उंदीर ठेवले. काही आठवड्यांत त्यांची पोटं तळाला टेकली. बाहेरचे होते तसेच काटकुळे.

आकडे घेऊन ती सरांसमोर उभी राहिली. त्यांनी शांतपणे पाहिले.

"छान. निबंध राहू दे."

"म्हणजे मी खरी होते."

"मी कुठे नाही म्हणतोय?" सर म्हणाले. "पण प्रकल्पाची मुदत संपली. जात टिकावी म्हणून थोडे भ्रूण गोठवून ठेवा, बाकीचे उंदीर संपवा. पुढच्या महिन्यापासून तुम्ही स्मरणशक्तीच्या गटात."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भांडायला तोंड उघडलं, पण ज्याने आधीच सगळं कबूल केलंय त्याच्याशी भांडणार कसं? उंदीर संपवायचं काम तिने दुसऱ्यावर टाकलं नाही. त्यात अख्खा दिवस गेला.

दादाला तिने फोनवर सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे मी थंडीत राहिलो तर बारीक होईन?"

"माणसाचं एवढं सोपं नसतं रे."

"मग एवढी वर्षं उंदीर पाळलेस ते कशाला?" तो चिडून म्हणाला. "निदान आमच्या डॉक्टरला सांग, न चोरताही माणूस जाडा होतो म्हणून."

डॉक्टरकडे ती गेली दादाबरोबर. डॉक्टरने सगळं ऐकलं, मान हलवली आणि चिठ्ठीवर पुन्हा 'खाणं कमी' असंच लिहिलं. जिना उतरताना उंदीरआत्या इतकी मोठ्याने बोलत होती की दादालाच तिला गप्प करावं लागलं.

गोठवलेले भ्रूण अजून आहेत. उबदार खोली मिळावी म्हणून ती दर वर्षी अर्ज करते. यंदाचाही परत आला.