माळ्यावरच्या खारी आणि सूनबाईची झोप

मागवाल्या काकांनी उभा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात काढला आणि निवृत्त होताना कान तिथेच ठेवून आले. समोरचा घसा फोडून ओरडला तर ऐकू यायचं, तेही अर्धंमुर्धं. आणि अशा माणसाकडे काम कुठलं यावं, तर माळ्यावरच्या खारींचा बंदोबस्त! आता ते त्यांनी आपणहूनच अंगावर घेतलं म्हणा. मुलगा लांब नोकरीला, सूनबाई दवाखान्यात रात्रपाळीची नर्स. तिची झोप दिवसाची, आणि नेमकी तिच्याच डोक्यावर खारींची पळापळ. रात्रभर आजाऱ्यांपाशी उभं राहणाऱ्या पोरीला घरी डोळ्याला डोळा लागू नये, हे काही काकांना पटेना. त्यांनी कंबर कसली.

बायको गेल्यापासून काका नुसते खुर्चीत बसून असायचे. आता हातात हातोडी आली आणि माणूस बदललाच की हो! सूनबाईने शिडी धरली, काकांनी कौलांखालचं भोक पत्रा ठोकून बुजवलं आणि उतरल्या उतरल्या विचारलं, आवाज थांबला का? थांबला, म्हणाली ती. झालं, काकांची कॉलर ताठ. बागेतले टोमॅटो रोज कुरतडलेले सापडायचे, पण त्या बाहेरच्या खारी, घरातल्या केव्हाच पळवल्या, असं ते भेटेल त्याला ऐकवायचे.

एका दुपारी त्यांच्या उन्हात टाकलेल्या गादीतला कापूस तोंडात धरून एक खार भिंतीवर चढली आणि कौलांखाली गडप झाली. काका मागोमाग शिडी लावून वर. पत्र्यापासून वीतभर अंतरावर दुसरं भोक, आत मऊ बिछाना आणि त्यावर डोळे मिटलेली पिल्लं. काका तसेच खाली आले. सूनबाईच्या खोलीचं दार उघडं होतं. कानांत बोळे घालून, उशी डोक्यावर दाबून ती टक्क जागी पडली होती.

"खोटं का बोललीस?"

ती उठून त्यांच्या कानाशी आली. "पत्रा ठोकलात त्या दिवशी तुम्ही जेवताना आणखी मागून घेतलंत, बाबा. आई गेल्यापासून पहिल्यांदा. मग काम फसलं हे कुठल्या तोंडाने सांगू?"

काकांनी तिची उशी उचलली आणि आपल्या खोलीत नेऊन ठेवली.

पिल्लं पळू लागेपर्यंत दोघांनी कळ काढली. सूनबाई काकांच्या खोलीत झोपायची आणि काका दाराशी राखणीला. मग एका सकाळी सगळं बिऱ्हाड बागेत उतरलेलं पाहून काका जाळी घेऊन चढले. या वेळी आत कुठे खुडबुड उरली नाही ना, हे सूनबाईने आधी नीट ऐकून घेतलं. शेवटचा खिळा ठोकताना काका मनाशीच पुटपुटले, "माझी पुण्याई मोठी, म्हणून ही पोर माझ्या घरात आली."

पुटपुटले, असं आपलं त्यांना वाटलं. ऐकलं सगळ्या गल्लीने. खाली सूनबाईचे डोळे भरून आले, पण शिडी धरलेली होती, पुसायला हात मोकळा नव्हता.