रायफलीच्या डोळ्याला कुंकू

बुधवाऱ्यातल्या शाळेत कवायत शिकवणारे शालिग्राम मास्तर म्हणजे आमच्या रायफल क्लबची शान. पण चाळिशी उलटली आणि त्यांचा डोळा दगा द्यायला लागला. बंदुकीवरची नेम धरायची मागची खाच धूसर दिसायची. हे क्लबात फक्त मला ठाऊक, कारण रायफलींचं कपाट माझ्या ताब्यात आणि सरावाला मीच सोबत. चष्मा लावला की म्हातारा म्हणून नागपूरच्या सामन्यांतून नाव कापतील, ही धास्ती. म्हणून चष्मा नाही, आणि घरी आशावहिनींपाशीही ब्र नाही. हट्टी माणूस, काय बोलायचं त्याला.

शेवटी मीच म्हटलं, "मास्तर, खाचेच्या जागी भोकाची साइट बसवा, मधोमध बारीक भोक असलेली चकती. भोकातून बघितलं की खाच शोधायची भानगडच राहत नाही."

तेव्हा संस्थानं विलीन होत होती आणि राजेलोकांच्या शिकारखान्यातलं सामान इंदूरच्या जुन्या बाजारात येऊन पडत होतं. आम्ही दोघं तिथे गेलो, तर एका दुकानदाराने दोन साइटी पुढ्यात टाकल्या. एक चकचकीत, तिची तो तारीफ करून थकेना. मास्तरांनी तिचा स्क्रू फिरवला आणि परत ठेवली. "हिच्यात खेळ आहे. आज इथे, उद्या तिथे." दुसरी रंग उडालेली, पण स्क्रू टक् करून थांबायचा आणि थांबला की हलायचा नाही. तीच घेतली. मला तर चकचकीतच आवडली होती.

बसवायला आमचा भिकन फिटर. पहिल्यांदा साइट इतकी खाली बसली की मास्तरांना मान मोडून बघावं लागे. "गाल दस्त्यावर टेकला की डोळा आपोआप भोकाशी आला पाहिजे," मास्तर म्हणाले. मग भिकनने खाली पितळेची पत्री घातली, साइट जरा मागे डोळ्याकडे सरकवली, ओळंबा लावून उभी आहे का ते पाहिलं. जैनाबादेच्या बाजूला नदीकाठच्या मातीच्या बांधावर सराव झाला, तेव्हा निशाण्याचा काळा ठिपका जांभळासारखा स्वच्छ दिसला. मास्तर खूश, मीही खूश.

दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी त्यांनी रायफल घरी नेली. नागपूरच्या सामन्यांची निवड दुसऱ्या दिवशी.

सकाळी सरावाची पहिली गोळी ठिपक्याच्या बाहेर. दुसरी त्याहून बाहेर. मास्तरांनी रायफल खाली ठेवली.

"वामन, माझं नाव काढ. भोकातूनही अंधार दिसतोय. डोळा खल्लास झाला."

मला फार वाईट वाटलं आणि रागही आला, इतक्या लवकर हार मानल्याचा. त्यांना दोन शब्द सुनवायला वळलो, तर त्यांच्या भुवईवर लाल ठिपका.

"मास्तर, हे कुंकू कुठलं?"

मास्तरांनी भुवईला बोट लावून पाहिलं. मी रायफल उचलून साइट उजेडात धरली. चकती वरून साफ, पण भोकात कुंकू घट्ट बसलेलं, जेमतेम सुईएवढी फट उरलेली. वहिनींनी हळदकुंकू नेमकं तिथेच लावलं होतं, आणि सकाळी मास्तरांनी अंगठ्याने पुसताना ते आत ढकललं होतं. मी झाडूची काडी घालून भोक मोकळं केलं. पुढच्या गोळ्या जिथे जायला हव्या तिथे गेल्या, आणि मास्तरांचं नाव नागपूरच्या यादीत आलं.

घरी पोचवायला मीच गेलो. म्हटलं, आता वहिनींची खरडपट्टी निघणार. मास्तर ओटीवर तोंड उघडतात तोच वहिनींनी पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "पूजा पावली का?"

"तू ते कुंकू भोकाशी का लावलंस?"

"अहो, पेपर किती लांब धरून वाचता तुम्ही, मला दिसत नाही का? तुम्ही सांगत नाही, मग मीही विचारलं नाही. म्हटलं, डोळ्याला सांभाळ म्हणून देवाला सांगावं, तर तुमचा डोळा तिथेच टेकतो ना."

मास्तरांनी तांब्या रिकामा करून खाली ठेवला. मग म्हणाले, "पावली."

पुढच्या दसऱ्याला मीही पूजेला होतो. मास्तरांनी आधीच भोकात कापसाचा बोळा घातला, रायफल पाटावर ठेवली आणि आत हाक मारली, "ये गं, डोळ्याला लाव." नाकावर नवा चष्मा होता.