आधी काळा पाहा

फोटो हातात देण्याआधी आमचे स्टुडिओवाले भाऊ गिऱ्हाइकाला कोपराला धरून दारात उजेडाला आणत आणि म्हणत, "चेहरा मंग पाहा. आधी काळा पाहा." केसांचा काळा राखेसारखा दिसला, तर फोटो स्वतःच परत घेत. नवरी गोरी करून मागणाऱ्यांना सांगत, "गोरी तुमी पाहून आणा, मी केस काळे करून देतो." असा हट्टी माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. त्याच्याकडे काम वेळेवर होत नाही, तरी आपण तिथेच जातो.

चंद्रपुरात रंगीत प्रिंटर नुकते आले होते. मी शाळामास्तर, ऊर्जानगरहून सायकलने भाऊंकडे गप्पांना जायचो. एकदा जिवतीकडची एक बाई आली. तिचा तरुण मुलगा वारला होता. बसच्या पासवरचा त्याचा नखाएवढा फोटो भाऊंनी मोठा करून दिला होता. रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसून ती त्याच्या कपाळाला कुंकू लावायची. आता चेहऱ्याच्या जागी निळे-लाल ओघळ उरले होते.

"भाऊ, पोरगा अजून एक डाव गेला," ती म्हणाली.

"काच लावून देतो."

"मंग कुंकू काचेले लावू का?"

भाऊंनी मान खाली घातली. "चुकी तुमची नाई, बाई. शाईची हाय."

नशिबाने पासचा फोटो कॉम्प्युटरात होता. भाऊंनी नागपूरहून पिगमेंट शाई आणवली. साधी शाई पाण्यात विरघळते. हिच्यात रंगाचे बारीक कण असतात, ते विरघळत नाहीत. पण चकचकीत कागदावरून ते नखाने निघत, आणि साध्या कागदात काळा मुरून फिका पडे. लेप दिलेला, बिनचमकेचा कागद सापडेपर्यंत बादलीत बुडवलेले त्या पोराचे फोटो भाऊंच्या अंगणात तारेवर वाळत असत. वहिनी म्हणायच्या, "कपड्याले जागाच नाई. हा पोरगाच वाळून राह्यला."

एका दुपारी भाऊंनी बादलीतून एक फोटो काढून दारात धरला. पापणी न् पापणी वेगळी दिसत होती. ओठावर कोवळी मिशी होती, ती पासवर मला कधी दिसली नव्हती. शाई आणि कागद, एवढंच तर होतं. पण त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. भाऊ मात्र केसच पाहत होते.

पुढे माझी जिवतीला बदली झाली. भाऊ गेल्याची बातमी मला तिथेच कळली. त्याच आठवड्यात मी त्या बाईच्या घरी गेलो. ती फोटो पुसत होती, शाळेत जाणाऱ्या पोराचं तोंड पुसावं तशी, चांगली जोर लावून. मी श्वास धरून उभा राहिलो. फडक्याला कालचं कुंकू तेवढं लागलं.

"भाऊले सांगजा," ती म्हणाली, "पोरगा जागेवर हाय."

"सांगतो," मी म्हणालो.