बाळारामचं न दिसणारं दुखणं

बाळाराम गेल्याचं त्याच्या मुलीने, सुजाताने, फोनवर सांगितलं तेव्हा मी तुर्भ्याच्या बाजारात कांदे निवडत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच ती बोलली. मी कांदे तसेच ठेवले आणि निघालो. रबाळ्याच्या कारखान्यात आम्ही शेजारच्या मशीनवर आयुष्य काढलं. तो जवळच्या पावणे गावचा आगरी, मी साताऱ्याकडचा. माझी बायको गेल्यावर रोज माझ्याशी बोलणारा तोच एक उरला होता...

सुरुवात थकव्याने झाली. जिना चढताना धाप लागायची, शौचाला काळं व्हायचं. रक्त कमी भरलं म्हणून दुर्बीण घातली, तर जठराच्या भिंतीत गाठ. तुकडा तपासल्यावर डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं. "हा पोटाचा नेहमीचा कॅन्सर नाही. तो आतल्या अस्तरातून येतो, ही गाठ भिंतीतल्या पेशींपासून वाढली आहे. नेहमीची केमो हिच्यावर चालत नाही. ऑपरेशन करू, मग रोज गोळी. 'वाढत राहा' असा चुकीचा हुकूम या पेशींना सारखा मिळतो, तो ही गोळी अडवते."

"म्हंजे गाठ मरंल?" बाळारामने विचारलं.

"काही पेशी उरल्याच, तर गोळीने झोपून राहतील. म्हणून गोळी सोडायची नाही."

ऑपरेशन झालं, तो हिंडूफिरू लागला. केस गेले नाहीत, त्यामुळे त्याला कॅन्सर आहे हे कुणाला पटेना. गोळीने डोळ्यांखाली सूज यायची. गावातल्या एका हळदीत कुणी तरी म्हणालं, रिटायर झाल्यापासून बाळाराम घ्यायला लागला. त्याने कधी दारूला हात लावला नव्हता. तिथे तो हसला, परतताना मात्र रिक्षाच्या आरशात बघत डोळ्यांखाली बोट फिरवत राहिला.

पुढे सुजाताचं लग्न ठरलं आणि त्याने कुणालाही न सांगता गोळ्या बंद केल्या. लग्नात त्याचा चेहरा कसा स्वच्छ दिसत होता... हळदीला मनसोक्त नाचला. काही महिन्यांनी तपासणीत यकृतावर गाठी दिसल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर तो खाली बघत म्हणाला, "पोरीच्या सासरी मना बेवडा समजले असते." त्या रागावल्या नाहीत. गोळी पुन्हा सुरू केली, गाठी काही काळ थांबल्याही. मग त्या गोळीला जुमानेनाशा झाल्या. दुसरं औषध दिलं, त्याने तळपाय सोलून निघाले, त्याचं चालणं संपलं.

गोळ्या बंद केल्यामुळेच आजार परतला का, असं मी एकदा बाईंना बाहेर गाठून विचारलं. "कदाचित तरीही आला असता," त्या म्हणाल्या. ते खरं होतं, की माझ्या समाधानासाठी होतं, मला कळलं नाही.

शेवटी शेवटी तो म्हणाला, "केस गेलं असतं तं बरा झाला असता. लोकांनी इचारला तरी असता." मी त्याच्या पोटऱ्या चेपत राहिलो.

त्याने आमच्या सोसायटीत कधी बेल वाजवली नाही. संध्याकाळी खालूनच हाक मारायचा आणि मी उतरायचो. आता वॉचमन इंटरकॉमवर विचारतो, तेही पार्सल आलं तरच. ऊन उतरलं की मी अजूनही चपला घालतो, आणि हॉलमध्ये बसून राहतो.