फ्यूज, पिलो आणि अर्धी डिक्शनरी

आमच्या घराण्याचं इंग्रजी ‘के’पाशी संपतं.

हे मी लाजेनं सांगत नाही, माहिती म्हणून सांगतोय. माझे बाबा महूच्या छावणीत स्टोअरचे कारकून होते. एकदा तिथे कंडम मालाचा लिलाव झाला आणि बाबांच्या वाट्याला तीन पायांची एक खुर्ची, एक गंजलेली पत्र्याची ट्रंक आणि एक जाडजूड इंग्रजी डिक्शनरी आली. घरी आणून उघडल्यावर कळलं की हा पहिला खंड आहे. ‘ए’पासून ‘के’पर्यंत. दुसरा खंड वेगळ्या ढिगाऱ्यात गेला होता आणि तो मानपूरच्या एका ढाबेवाल्यानं उचलला होता. बाबा सायकल हाणत मानपूरला गेले. डिक्शनरी सापडली, पण ती एका टेबलाच्या पायाखाली होती.

“भिया, किताब दे दूँगा तो टेबल हिलेगी,” ढाबेवाला म्हणाला.

बाबा शिस्तीचे. रिकाम्या हातानं परत आले आणि त्यांनी घरात नियम केला: ज्या शब्दाचं पान आपल्या घरात नाही, तो शब्द इंग्रजी लिहिताना-बोलताना आपण वापरायचा नाही. अर्थ खात्रीनं माहीत नसताना शब्द वापरणं म्हणजे दुसऱ्याची सायकल न विचारता नेणं, असं त्यांचं मत होतं. आता कारकुनाला रजेचा अर्ज तर इंग्रजीतच करावा लागायचा. पण ‘लीव्ह’ एलमध्ये, ‘प्लीज’ पीमध्ये, ‘सर’ एसमध्ये! तेव्हा बाबांचा अर्ज असा असायचा: “डिअर कॅप्टन, चाइल्ड इज इल. आय बेग ॲब्सेन्स फॉर अ डे. काइंडली ग्रँट. फेथफुली.” (तो आजारी चाइल्ड म्हणजे मी. मी बरा झाल्यावर ‘थँक यू’ लिहायला मात्र बाबांकडे पान नव्हतं.)

हाच वारसा घेऊन मी इंदूरच्या वीज खात्यात चिकटलो आणि चौतीस वर्षं इंग्रजी पत्रं लिहिली. ट्रान्सफॉर्मर टीमध्ये येतो, म्हणून माझ्या पत्रात तो कधी आला नाही. “बिग बॉक्स इज डेड. काइंडली चेक,” असं मी लिहायचो आणि साहेब न वाचता सही करायचे. काम व्हायचं. नवी, अख्खी डिक्शनरी विकत घेणं मला जड नव्हतं. पण ती घरात आली की बाबांची अर्धी होती असं कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि ते मला नको होतं.

इथवर सगळं ठीक होतं. मग माझी नात संबोधी तिसरीत गेली.

ती गृहपाठाचे शब्द विचारायची, मी डोळे मिटून अर्थ सांगायचो. बकेट, कँडल, फेदर, आयलंड. योगायोगानं पुस्तकातली एबीसीडीच्या क्रमानं दिलेली शब्दांची यादी अजून ‘के’च्या अलीकडेच होती. एकदा तिनं भारावून विचारलं, “आजोबा, तुम्हाला पूरी डिक्शनरी पाठ आहे का?”

“घरातली डिक्शनरी पाठ आहे,” मी म्हणालो. हे शंभर टक्के खरं होतं. घरात ती किती आहे, हे तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आठवड्याभरात ही बातमी तिच्या शाळेच्या व्हॅनमध्ये पोचली. व्हॅनमध्ये काव्या नावाची मुलगी होती. तिची नानी, बक्षी मॅडम, कॉलेजात इंग्रजीच्या प्रोफेसर होत्या आणि नुकत्याच रिटायर झाल्या होत्या. काव्या म्हणाली, माझ्या नानीला जास्त येतं. संबोधी म्हणाली, माझ्या आजोबांना. आणि नेमका शाळेत आजी-आजोबा दिवस ठरला. त्यात स्पर्धा होती: दोन डब्यांतून एकेक चिठ्ठी काढायची. त्यावर एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन इंग्रजी शब्द येणार. दोघांचे अर्थ आणि वापर यांची तुलना करत दोन मिनिटं इंग्रजीत बोलायचं.

“मी काव्याशी शर्त लावली,” संबोधीनं घरी येऊन जाहीर केलं. “तुम्ही हरलात तर खिडकीवाली सीट सालभर तिची.”

व्हॅनमधली खिडकीची जागा ही काय चीज आहे, हे मोठ्यांना कळत नाही. संबोधीनं ती दोन वर्षं मधल्या सीटवर, दोन दप्तरांच्या खाली दबून मिळवली होती.

“आजोबा, जमेल ना?”

“त्यात काय,” मी म्हणालो, आणि पोहे खाताना मला ठसका लागला.

माझी बायको पुष्पा हे सगळं ऐकत होती. संबोधी खेळायला गेल्यावर ती म्हणाली, “अहो, खरं सांगून टाका पोरीला. कशाला फालतू चक्करमध्ये पडता? तुम्ही तर झोपेत बडबडता तेपण ‘के’च्या पुढे जात नाही.”

“बघतो काहीतरी.”

मी जे बघितलं ते असं. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टीचरनं विचारलं होतं की ऐंशी चिठ्ठ्या कोण लिहून देईल. कुणी हूं की चूं करेना. मी लगेच लिहिलं, “मी देतो. माझं अक्षर वळणदार आहे.” टीचरनं हात जोडलेलं चित्र पाठवलं. “अंकलजी, आप तो महान हैं.”

त्या संध्याकाळी मी बाबांचा खंड मांडीवर घेऊन चिठ्ठ्या लिहिल्या. ॲपल ते किचन, एकूण ऐंशी शब्द, एकही ‘के’च्या पलीकडे नाही. दोन बिस्किटांचे डबे भरून मी ते शाळेत स्वतः नेऊन दिले. परतताना सराफ्याच्या खाऊगल्लीकडून वळसा घालून बायकोसाठी जलेबी आणली. इतका आनंद मला निवृत्तीच्या निरोप समारंभातही झाला नव्हता. (ही लबाडी होती, मान्य आहे. पण ‘चीट’ हा शब्द सीमध्ये येतो, तेव्हा निदान आमच्या नियमात बसत होता.)

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. मी इस्त्रीचा सदरा घालून, छाती काढून बसलो. संबोधी पहिल्या रांगेत होती आणि शेजारच्या मुलीला माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होती. टीचर माइकवर आली.

“पहले तो अंकलजी को थैंक यू, इन्होंने सारी चिट्ठियाँ लिखीं। पर एक छोटी बात हुई। बक्षी मैम ने कल चिट्ठियाँ देखीं।”

बक्षी मॅडम हसऱ्या चेहऱ्यानं उभ्या राहिल्या. पांढरे केस, सुती साडी, गळ्यात चष्म्याची साखळी. “सारे शब्द ‘के’ तक ही थे,” त्या म्हणाल्या. “बच्चे तो ज़ेड तक पढ़ते हैं। इसलिए दूसरा डिब्बा मैंने नया बना दिया। एल से ज़ेड।”

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हात आपोआप हलत होते.

“झालं,” पुष्पा कानात म्हणाली. “आता?”

पहिल्या बक्षी मॅडमच गेल्या. त्यांना ‘ईगल’ आणि ‘सोप’ आले. गरुड आणि साबण! त्या असं काही बोलल्या की दोन मिनिटांनी मला गरुड आंघोळ करताना दिसायला लागला. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. काव्यानं वळून संबोधीकडे बघितलं. संबोधीनं मान ताठ ठेवली, पण तिच्या वेणीची रिबन ती दातात धरून चावत होती, आणि ती घाबरली की हेच करते.

मग माझं नाव पुकारलं.

पहिल्या डब्यातून ‘फ्यूज’ निघाला. मला तर वाटलं बाबांनीच वरून चिठ्ठी सरकवली. चौतीस वर्षं वीज खात्यात काढलेल्या माणसाला फ्यूज! दुसऱ्या डब्यात हात घातला. ‘पिलो.’

पिलो म्हणजे उशी, हे मला माहीत होतं. कानावर पडलेले शब्द माहीत असतातच की. पण ते पान मी कधी बघितलेलं नव्हतं, आणि बघितल्याशिवाय तोंडातून काढायची सवय साठ वर्षांत लागलेली नव्हती. टीचरनं घड्याळ सुरू केलं. मी फ्यूजला हात घातला.

“फ्यूज इज अ चीप अँड ब्रेव्ह फेलो,” मी म्हणालो. “इफ करंट इज हाय, ही बर्न्स. ही डाइज फर्स्ट. हाउस इज अलाइव्ह. फॅन इज अलाइव्ह. चिल्ड्रन आर अलाइव्ह. बट एव्हरीबडी कर्सेस हिम.”

लोक हसले. मला हुरूप आला आणि मी दुसऱ्या चिठ्ठीकडे बघितलं. तिथे सगळं बंद पडलं. घड्याळ पळत होतं. समोर संबोधीनं रिबन चावणं थांबवलं होतं आणि ती नुसती माझ्याकडे बघत होती. तिला काहीही शंका नव्हती. तेवढं मात्र मला सहन झालं नाही.

उशी, उशी, मी मनात घोकत होतो. आणि घोकता घोकता मला आमचं महूचं क्वार्टर दिसलं. त्या घरात उशी नव्हतीच. एकच होती ती आईला होती. बाबा डिक्शनरीवर टॉवेलची घडी टाकून तिच्यावर डोकं ठेवायचे. “जागेपणी जे डोक्यात जात नाही ते असं जातं,” म्हणायचे. पुढे मी मॅट्रिकला बसलो तेव्हा त्यांनी ती माझ्या डोक्याखाली दिली आणि स्वतः नुसत्या टॉवेलवर झोपले.

“फादर हॅड अ बिग बुक,” मी म्हणालो. “ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच, आय, जे, के. फिनिश.” हॉलमध्ये थोडी खसखस झाली. “आय हॅव हाफ अ डिक्शनरी. फादर हॅड इट बिनीथ हिज हेड, इन बेड. हार्ड. बट ही हॅड गुड ड्रीम्स. आफ्टर, ही गेव्ह इट.” मी दोन्ही चिठ्ठ्या वर धरल्या. “बोथ आर चीप. बोथ आर हिडन. बोथ गार्ड अ चाइल्ड.”

घंटा वाजली. माझं बिंग माझ्याच तोंडानं फुटलं होतं, तेही माइकवर. खिडकीची जागा गेली असं समजून मी पायऱ्या उतरायला लागलो.

तेवढ्यात बक्षी मॅडम उठल्या. “एक मिनिट,” त्या टीचरला म्हणाल्या. “आपने सुना? इन्होंने पूरे दो मिनट में ‘के’ के आगे का एक भी शब्द नहीं बोला। चिट्ठी वाला शब्द भी नहीं। मैंने चालीस साल अंग्रेज़ी पढ़ाई है, मुझसे ये नहीं होगा।”

आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग अख्खा हॉल उभा राहिला. मला सांगायला पाहिजे की मी हे मुद्दाम केलं नव्हतं. मला दुसरं येतच नव्हतं! पण हार गळ्यात पडत असताना खुलासे करत बसायचं नसतं. पहिला नंबर माझा आला आणि काव्यानं, बिचारीनं, तिथल्या तिथे खिडकीवरचा दावा सोडला.

पुष्पा डोळे पुसत होती. “अडतीस वर्षं झाली लग्नाला,” ती म्हणाली. “बाबा त्या पुस्तकावर डोकं ठेवून झोपायचे, हे मला कधी सांगितलं नाही तुम्ही.”

“पिलो पीमध्ये आहे,” मी म्हणालो.

घरचा जिना चढताना संबोधीनं विचारलं, “आजोबा, म्हणजे तुम्ही झूठ बोललात?”

“अर्धंच.”

तिनं माझा हार काढून आपल्या गळ्यात घातला. “टेन्शन नका घेऊ,” ती म्हणाली. “मी सगळं सेट केलंय. हॉलमध्येच काव्याला सांगून टाकलं की बाकीची अर्धी तुम्ही दिवाळीपर्यंत पाठ करणार. नाही झाली तर मग खिडकी काव्याची.”

दुसऱ्या दिवशी बक्षी मॅडमनी त्यांच्या स्वतःच्या डिक्शनरीचा दुसरा खंड घरी पाठवला. एल ते झेड. मी बाबांचा खंड उशाशी ठेवला, बाबांसारखी टॉवेलची घडी या नव्या खंडावर घालून तो डोक्याखाली घेतला आणि कामाला लागलो. संबोधी रोज संध्याकाळी परीक्षा घेते. सध्या एल चालू आहे. काल ‘लायर’ हा शब्द आला. एकदम पाठ झाला, अर्थ बघावासुद्धा लागला नाही.