पंचेचाळीस अंशांतला कोट

हमीदच्या मुलीचा, शबानाचा, फोन आला तेव्हा मी अंघोळीला निघालो होतो. "भास्करकाका, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली. टॉवेल खांद्यावर तसाच टाकून मी खुर्चीत बसलो आणि मनात पहिला विचार काय यावा? ...आता माझं माप कोण घेणार! मग स्वतःचीच लाज वाटली. पण पस्तीस वर्षं दर दिवाळीला हमीद माझं कोटाचं माप घ्यायचा आणि मी कापड आणायचं टाळायचो. जळगावात कोट घालून मी जाणार तरी कुठे होतो?

आम्ही दोघं शिंदखेड्याचे. मी मास्तर होऊन जळगावला आलो. तो धुळ्यात एका उस्तादाकडे कोट शिवायला शिकला आणि माझ्यामागोमाग आला. कोट म्हणजे टेलरची शेवटची परीक्षा. ती तो अव्वल नंबरानं पास झाला आणि दुकान थाटलं ते अशा गावात, जिथे मार्चपासून माणसं बनियनवर वावरतात. पाटीवर लिहिलं, 'कोट स्पेशालिस्ट'. पहिल्याच उन्हाळ्यात एक गिऱ्हाईक पाटी वाचून मनापासून हसलं आणि पायजम्यात नाडी ओवून घेऊन गेलं. शेवटी आमच्या शाळेच्या गणवेशाचं काम मीच त्याला मिळवून दिलं आणि त्याचा जन्म खाकी चड्ड्यांत गेला. "भास्कर भो, मनी बठ्ठी कारागिरी चड्डीमा गयी," असं तो म्हणायचा. मी हसायचो. त्याला ते खरोखर लागत होतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मग त्यानं आपली हौस भागवायला वाट काढली. कोटाची सगळी विद्या तो गणवेशात घालू लागला. कॉलरला कॅनव्हास, काजं हातानं केलेली... सातवीतली पोरं मंत्र्यासारखी मान ताठ करून हिंडायची. एका वर्षी त्यानं शर्टांना कोटासारखा आतला खिसा शिवला. सहामाही परीक्षेत अकरा पोरांच्या त्या खिशांतून कॉप्या निघाल्या. मुख्याध्यापकांनी हमीदला बोलावून फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, पोरं आत काय ठेवतात ते तुम्ही बघा. पण खिसा कसा बसलाय तेही एकदा बघा ना." काम हातचं जायची वेळ आली होती. मी मध्ये पडलो आणि त्यानं शिक्षकांच्या खोलीत दोन दिवस बसून सगळे खिसे बंद करून दिले. तेही असे, की टाका दिसू नये.

आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांसारखी माझी जन्मतारीखही शाळेच्या दाखल्यावर एक जून. त्यामुळे निवृत्ती आली मे अखेरीस. आदल्या दिवशी हमीद घरी आला, हातात तयार कोट. "कापड मनं शे. आते नही म्हणू नको." नाही म्हणायला तोंडच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पंचेचाळीस अंशांत मी कोट घालून स्टेजवर बसलो. मुख्याध्यापक बोलायला उभे राहिले आणि वीज गेली. घाम कपाळावरून गालांवर, गालांवरून टायवर. बायकांना वाटलं, सरांना भरून आलंय. पहिल्या रांगेतल्या दोन शिक्षिका रडायला लागल्या. कार्यक्रम संपल्यावर हमीद माझ्याभोवती फिरून पाठ न्याहाळत होता. मी म्हटलं, "मी मरतोय इथं!" तर म्हणतो, "हालू नको भो, खांदा दख, कसा बठेल शे!" त्याचे डोळे मात्र खरोखरच भरले होते.

तो जाऊन दीड महिना झाला. गेल्या आठवड्यात धुळ्याला पुतण्याचं लग्न होतं म्हणून कोट काढला, तर बटण लागेना. हमीदनं हे आधीच ओळखलं होतं. "तुना पोटना भरवसा नही" म्हणत त्यानं आत जादा कापड सोडलं होतं. तिथल्याच एका लग्नाचे सूट शिवणाऱ्या टेलरकडे गेलो. त्यानं अस्तराचे दोन टाके उसवले, आत बघितलं आणि कात्री खाली ठेवली.

"कोणी शिवलाय?"

"आमच्या शाळेच्या चड्ड्या शिवायचा, त्यानं."

"चेष्टा करू नका, सर. असा खांदा आता कोणी बसवत नाही. मी नाही याला हात लावणार." आणि उसवलेले दोन टाके त्यानं परत घातले.

हे ऐकायला हमीद हवा होता. जन्मभर तो याच एका वाक्यासाठी थांबला होता, आणि ते ऐकायला मी एकटा उभा... थंडीचे दिवस होते, या वेळी गालांवर घाम नव्हता.

लग्नात कोट उघडाच घालून मिरवलो. डॉक्टर दहा वर्षं ओरडत होते तेव्हा ऐकलं नाही. आता रोज सकाळी मेहरूण तलावाला फेरी मारतो आणि कळण्याच्या दोन भाकरींची दीड केली आहे. परत आलो की कोट घालून बघतो. बटण अजून दोन बोटं लांब आहे.