बेटावरची दिवेलागण

नातीला बोटीवर जायचं होतं. फिरायला नव्हे, बोट चालवायला! शाळा संपली, पॉलिटेक्निकच्या नॉटिकल कोर्सला जागा मिळाली आणि सोमवारी होकार कळवायचा होता. सुनेची ना नव्हती. अडलं होतं माझ्या लेकापाशी. त्याचं अर्धं बालपण बाप बोटीवरून कधी येतो याची वाट बघण्यात गेलेलं. आता स्वतः बुओना व्हिस्टाच्या थंडगार ऑफिसात बसतो, तर मुलीनंही कॉम्प्युटर शिकावं आणि रात्री जेवायला घरी असावं, एवढंच त्याचं म्हणणं.

रविवारी बापलेक दोघं शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या टॅम्पिनीसहून माझ्याकडे क्वीन्सटाउनला जेवायला आली. ताटावर बसल्याबसल्या लेक म्हणाला, "आई, तू बोटीवर राहिलीयेस. सांग हिला काय हाल होतात ते."

"पपा, यू ऑलरेडी डिसायडेड, ला," नात इथल्या इंग्रजीत पुटपुटली.

मला काय, कुणी ऐकणारं मिळालं की पुरे.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आमचे हे बोटीवर इंजिनिअर, आणि तेव्हा ऑफिसर लोकांना बायको बरोबर नेता यायची. पनामा म्हणजे पुण्याच्या जरा पुढे, अशा समजुतीनं मी निघाले. सुरुवातीचा संसार नवऱ्याशी कमी, ओकारीच्या बादलीशी जास्त झाला. पनामाचा कालवा ओलांडून बोट कॅरिबियन समुद्रात शिरली आणि माझी पहिली संक्रांत उजाडली. बोटीवर बाई मी एकटी. हळदीकुंकू लावायचं कुणाला, बॉयलरला?

तरी संध्याकाळी काळी साडी नेसले, आईनं डब्यात भरून दिलेले हलव्याचे दागिने घातले आणि डेकवर जाऊन उभी राहिले. खाऱ्या, दमट हवेनं हार गळ्याला चिकटला, बांगड्या पाघळल्या. मी मात्र राणीच्या तोऱ्यात! समोर एक बेट आलं. जमैका आणि हैती यांच्या मधलं, सपाट माथ्याचं, कडे थेट पाण्यात उतरलेले, आणि वर एक उंच, जुना दीपस्तंभ. सूर्य बुडाला आणि त्या दीपस्तंभात दिवा लागला. तिन्हीसांजेला, अगदी वेळेवर! वेळच्या वेळी दिवेलागण होते म्हणजे घरात बाई असणार, असं माझ्या हुशार डोक्यानं ठरवलं. बाई आहे म्हणजे सवाष्ण आहे. आणि बिचारीला संक्रांतीचं कुणी बोलावलेलं नाही.

तबकात हळदकुंकू, तिळाचे लाडू आणि वाणाची स्टीलची वाटी घेऊन मी तडक ब्रिजवर गेले, म्हणजे जिथून बोट हाकतात तिथे. "कॅप्टनसाहेब, पाच मिनिटं बोट थांबवा. त्या ताईंना वाण देऊन येते."

कॅप्टन गोव्याचे, मराठी छान समजायचं. त्यांनी दुर्बीण लावली, गंभीर चेहऱ्यानं बेट न्याहाळलं आणि म्हणाले, "मॅडम, दिवा आपोआप लागतो. बेटावर कोणी राहत नाही. बकऱ्या आहेत म्हणतात. त्यांना चालेल का वाण?"

न्यूयॉर्क येईपर्यंत अख्खी बोट मला बघून बें बें करत होती.

लेक ठरल्या जागी हसलाच नाही. "आई, हाल सांग म्हटलं होतं. मजा नाही."

नातही हसली नाही. "आजी, बेट कुठल्या हाताला होतं?"

"उजव्या. तुझे आजोबा नेहमी सांगायचे."

"आजोबांचं नको. तू काय बघितलंस? सूर्य बेटाच्या मागे होता, की तुझ्या?"

मी डोळे मिटले. "बेटाच्या मागे. दिवा लागेपर्यंत खांब नुसता काळाकुट्ट."

तिनं लोणच्याची बरणी इकडे ठेवली, ही जमैका. दह्याचं भांडं तिकडे, ही हैती. मध्ये एक शेंगदाणा. आणि चमचा घेऊन माझी बोट खालून वर चालवत आणली. "बोट उत्तरेला चाललेली. सूर्य पश्चिमेला, म्हणजे बेटपण पश्चिमेला. म्हणजे डाव्या हाताला. तुम्ही हैतीच्या बाजूनं गेलात, आजी. आजोबा तेव्हा कुठे होते?"

"खाली, इंजिनरूममध्ये."

"देन हाऊ वुड ही नो, ला?"

इतकी वर्षं मी ते बेट चुकीच्या हाताला ठेवत आले होते, आणि या पोरीनं ते शेंगदाण्यावर मला शोधून दिलं. माझी मान अशी काही ताठ झाली, की मीच बोट हाकत होते जणू!

लेकानं चमचा स्वतःकडे ओढला. "आणि ढग असले, सूर्यच दिसला नाही तर?"

"दिव्यावरून, पपा. प्रत्येक दीपस्तंभाची उघडझाप वेगळी असते. ती नकाशात दिलेली असते."

"आणि दिवा बंद पडला असला तर?"

"रडार. आणि तेही बंद असेल तर बेटापासून लांब राहायचं. माहीत नसेल तिथे जवळ जायचं नाही."

हे शेवटचं उत्तर त्याला पटलं. त्यानं चमचा तिच्या हातात परत दिला.

"रविवारी फोन करायचा," तो म्हणाला. "रेंज नसली तर मिळेल तेव्हा. पण करायचा."

"ओके, पपा." लेक हात धुवायला म्हणून उठला आणि बेसिनपाशी नळ सोडून उभाच राहिला. मी काही बोलले नाही. माझ्या आयुष्यात असं फारसं झालेलं नाही.

सोमवारी तिनं होकार कळवला. मी खाली हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांपाशी, कॉफी घेतली आणि टेबलावरच्या चिनी मावशींना त्यांनी न विचारताच सांगितलं, "माय ग्रँडडॉटर, शिप कॅप्टन." कॅप्टन व्हायला अजून ढीगभर परीक्षा आहेत हे मलाही कळतं. मावशींना ते सांगायची काही गरज नव्हती.